आंबट, गोड, झणझणीत : भवानी पेठेतल्या ताटाची डावी बाजू

संपादकांनी विषय दिला, ‘ताटाची डावी बाजू’. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं यांची ती जागा. हा विषय निघाला की बहुतेकांना सणावाराचं पान आठवतं. पण मटणाच्या ताटालाही डावी बाजू असते आणि तिच्यावर फारसं कुणी लिहीत नाही. उभा चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड ठेवली की ती भरली, असं आपण धरून चालतो. सोलापूरच्या भवानी पेठेत ती एवढ्यावर भरत नाही. तिथल्या घरांत मटणाशेजारी पिकल्या मिरचीचा रंजका असतो, चिंचगुळाचं न उकळलेलं सार असतं, अंबाडीचा तोक्कू असतो, तेल सुटलेली शेंगाचटणी असते. सगळं घरी केलेलं आणि चवीनं दक्षिणेकडे झुकलेलं. हे कसं होतं, कोण करतं आणि त्याच्यावाचून ताट का अडतं, हे पाहायला भवानी पेठ गाठली. संपादकांनी विषय लवकर कळवला होता, म्हणून ऐन पिकल्या मिरचीच्या दिवसांत जाता आलं.

पिकल्या मिरचीचे दिवस

तुळजापूर रस्त्याला लागलं की रूपाभवानीचं देऊळ येतं. कोजागरीला तुळजापूरला पायी निघालेली गर्दी याच रस्त्यानं जाते. देवळाच्या अंगाला भवानी पेठ पसरली आहे. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती ही तिच्यातलीच नावं. अरुंद बोळ, पत्र्याच्या घराला लागून स्लॅबचं घर, कुठून तरी येणारा यंत्रमागाचा आवाज. पौष-माघात या बोळांतून जाताना बाजेवर अंथरलेल्या जुन्या चादरीवर लालभडक मिरच्या पसरलेल्या दिसतात. या मिरच्या वाळवणाच्या नसतात. झाडावरच पिकून लाल झालेल्या, ओल्या, रसरशीत मिरच्या. वर्षातून थोडेच दिवस त्या बाजारात येतात आणि तेवढ्यात वर्षाचा रंजका घालून घ्यावा लागतो.

एका घराच्या उंबऱ्यात एक आजी मिरचीची देठं मोडत बसल्या होत्या. माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी आणि मराठी दोन्ही. मिरच्या आधी देठासकट धुतल्या होत्या. देठ मोडून धुतलं तर पाणी आत शिरतं आणि आत शिरलेलं पाणी पुसता येत नाही. मग कपड्यावर पसरून सावलीत कोरड्या केलेल्या. आजींनी एक मिरची उचलून देठाच्या जागी नखानं दाबली. ओल लागली, तशी ती बाजूला टाकली. “पाण्याचा एक थेंब बी नको. थेंबानं अख्खी बरणी जाते,” त्या म्हणाल्या.

किलोभर मिरचीला पाव किलोच्या आतबाहेर मीठ, दोन मुठी सोललेला लसूण, तेलात तळून पूड केलेली मेथी, हिंग, लिंबाचा रस किंवा चिंच, आणि शेवटी गूळ. गूळ किती, यावर त्या घरात एकमत नव्हतं. सुनेला गूळ जास्त हवा होता, आजींना “नुसता वास लागण्यापुरता”. मिरच्या आणि मीठ आधी भरड वाटायचं आणि बरणीत दाबून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत मिठानं मिरचीला पाणी सुटतं, थोडं आंबतं, कच्चा उग्रपणा जातो. मग बाकीचं घालून पुन्हा वाटायचं. तिखट, आंबट, खारट आणि मागून गोड अशी चव येते, आणि रंग असा की बोटावरून लवकर जात नाही.

हा रंजका मुळात भाकरीचा सोबती. वर कच्चं तेल किंवा घट्ट दही, आणि कडक भाकरी. या भागातल्या लिंगायत घरांत मांस शिजत नाही, तिथेही तो असतोच. पेठेत मात्र भिंतीला भिंत लागलेली. वाटीभर रंजका शेजारी गेला आणि तिथे सुक्या मटणाच्या पंगतीला जाऊन बसला. आजींच्या घरी तर तो कलेजीला चोळतात. कलेजीच्या फोडींना चमचाभर रंजका लावून अर्धा तास ठेवायचं आणि लोखंडी तव्यावर थोड्या तेलात परतायचं. गुळानं कडा करपून तपकिरी होतात, लसणाचा वास सुटतो. दुसरा मसाला घालावा लागत नाही.

तीन भाषांची पेठ

सोलापूरच्या चवीचं गणित समजायचं तर आधी नकाशा पाहायला हवा. दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर विजयपूर, पूर्वेला तीनशेच्या आसपास हैदराबाद. अक्कलकोट ओलांडलं की कानडी सुरू. शहराच्या पूर्व भागात घराघरांतून तेलुगू ऐकू येतं, कारण तिथले पद्मशाली विणकर तेलंगणातून आले. निजामाच्या मुलखातून, करीमनगर, नलगोंडा, वरंगल अशा भागांतून, दुष्काळाच्या मारानं आणि कामाच्या ओढीनं ही कुटुंबं एकोणिसाव्या शतकात इकडे सरकत राहिली. १८६० साली रेल्वे सोलापुरात पोहोचली होती. १८७६ ते १८७८चा दुष्काळ या जिल्ह्यानं फार भोगला आणि त्याच काळात, १८७७ साली, मोरारजी गोकुळदासांची कापडगिरणी उभी राहिली. पुढे आणखी गिरण्या आल्या. घरात हातमाग, बाहेर गिरणी, असा संसार चालला. गिरण्या बंद पडल्यावर यंत्रमाग राहिले, चादर आणि टॉवेल राहिले, आणि बायकांच्या हाती विडी राहिली.

येताना या लोकांनी मार्कंडेयाची भक्ती आणली, नवरात्रातला बतुकम्माचा सण आणला आणि चिंच आणली, म्हणजे चिंचेवाचून जेवण न होण्याची सवय आणली. झाडं इथे होतीच. कमी पावसाच्या या जिल्ह्यात बांधावरची चिंच कुणी पाणी न घालता वाढते. ज्वारी, करडई, शेंगा आणि चिंच हे इथल्या कोरडवाहू रानाचं देणं, आणि डाव्या बाजूचं सगळं सामान त्यातूनच येतं. मिरची आणि भुईमूग मात्र पोर्तुगिजांच्या जहाजांमागून अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. आज त्यांच्यावाचून सोलापुरी स्वयंपाक सुचणारही नाही, इतके ते घरचे झाले आहेत.

चिंचेचा गोळा मधोमध

घोंगडे वस्तीतल्या एका पद्मशाली घरात पिकल्या मिरचीचं दुसरं घराणं पाहायला मिळालं. तिथे त्याला तोक्कू म्हणतात. घरातल्या अक्का विड्या वळतात. दारात सूप, सुपात कात्रीनं बेतलेली तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा. हजार विड्या वळून कारखान्याच्या ‘ब्रँच’ला द्यायच्या, मोजून, पारखून घेतल्या जातात, मग मजुरी. तंबाखूचा हात आणि मिरचीचा हात एकत्र चालत नाही, म्हणून मिरचीचं काम सुटीच्या दिवशी. त्या दिवशी सूप कोनाड्यात आणि दारात दगडी उखळ.

अक्कांनी मिरची, मीठ आणि हळद एकत्र कांडली. फार बारीक करायची नाही, बी दिसलं पाहिजे. मग चिंचोके आणि शिरा काढलेली चिंच हातानं दाबून तिचा गोळा केला. बरणीत निम्मी मिरची, मधोमध चिंचेचा गोळा, त्यावर उरलेली मिरची, वरून मुठीनं दाबून फडकं बांधलं. चिंच भिजवायची नाही, कारण पुन्हा तोच पाण्याचा धोका. मिरचीला सुटलेलं खारं पाणी चिंच आपल्यात ओढून घेते. तिसऱ्या दिवशी गोळा मऊ झालेला असतो आणि तो मिरचीबरोबर वाटला की एकजीव होतो. जेवढा लागेल तेवढाच काढायचा, वरून मोहरी-लसणाची फोडणी द्यायची, बाकीचा बरणीत तसाच.

“अक्का, तीन दिवस कशाला? आजच वाटलं तर?” मी विचारलं.

“आज वाटलं तर चिंच वेगळी लागते, मिरची वेगळी लागते. घाई करूलालाव तुम्ही,” त्या हसून म्हणाल्या.

अक्कांच्या या रीतीमागे पक्की कारणं आहेत. भरपूर मीठ आणि चिंचेतलं टार्टरिक आम्ल मिळून बुरशीला आणि सडवणाऱ्या जंतूंना जागा ठेवत नाहीत. व्हिनेगर उडून जातं, चिंचेचं आम्ल उडत नाही, म्हणून आंबटपणा महिनोन्महिने टिकतो. मिरचीचा जाळ कॅप्सायसिन या द्रव्याचा. बी ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेलं असतं त्या शिरेत ते सर्वांत जास्त असतं. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि चरबीत विरघळतं. म्हणून तोक्कूवर फोडणी ओतली की तिखट सगळीकडे सारखं पसरतं, आणि म्हणूनच चरबीदार मटणाबरोबर तो झोंबण्याऐवजी रुचतो. गूळ जाळ मऊ करतो. आंबटानं तोंडाला पाणी सुटतं आणि जिभेवरचा चरबीचा थर धुतला जातो. पुढचा घास पहिल्यासारखाच ताजा लागतो.

न उकळलेलं सार

याच घरी मटणाबरोबर दुसरी एक वाटी आली, पच्चि पुलुसूची. चिंच कोमट पाण्यात कोळून गाळायची. चुलीवर भाजलेली मिरची मिठाबरोबर हातानं चुरडायची, त्यातच बारीक कांदा चुरडायचा म्हणजे कांद्याचा रस उतरतो. गुळाचा खडा, कोथिंबीर, कुणाकडे भाजलेल्या तिळाची पूड, आणि जिरं-मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. चुलीवर चढवायचं नाही. पाच मिनिटांत तयार.

त्या दिवशी मटण सुकं होतं. आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलेलं, त्याचं अळणी पाणी पोरांना प्यायला दिलेलं, मग काळ्या मसाल्यात परतून कोरडं केलेलं. भाताचा ढीग, मधे खळगा, खळग्यात पच्चि पुलुसू, कडेला मटणाच्या चार फोडी. मटण जड, गरम, मसालेदार. सार गार, पातळ, आंबटगोड. एका घासात दोन्ही आले की लक्षात येतं की या ताटात रस्सा का नाही. रश्शाचं काम चिंचेचं पाणी करतं, आणि तेही कांदा, तेल, खोबरं, वाटण यांच्या खर्चाशिवाय.

अंबाडीचं काम आणखी वेगळं. हिरव्या देठाची अंबाडी सौम्य, लाल देठाची जास्त आंबट, आणि मटणाला लाल देठाचीच हवी. पानं धुऊन, निथळून तेलात परतली की क्षणात विरघळतात आणि काळपट हिरवा लगदा होतो. तो भाजलेल्या लाल मिरच्या आणि लसणाबरोबर उखळात घातला की अंबाडीचा तोक्कू. तोच लगदा शिजलेल्या मटणात घातला की आंध्र-तेलंगणात प्रसिद्ध असलेलं गोंगुरा मटण. पाला शेवटी घालायचा, मटण पुरतं शिजल्यावर. आंबट आधी पडलं तर मटण शिजायला वेळ घेतं, असा या घरांचा अनुभव आहे. गूळ इथेही लागतो, पण चिमूटभर. अंबाडीच्या आंबटाला धार असते आणि ती बोथट होऊ द्यायची नाही, असं अक्का सांगत होत्या.

तेल सुटेपर्यंत

शेंगाचटणी सोलापूरची ओळख. एस.टी. स्टँडवरून पाकिटं जातात, पुण्या-मुंबईत मिळते. पण पाकिटातली चटणी म्हणजे भुगा आणि पेठेतली म्हणजे गोळा. फरक कांडण्याचा. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, आतपर्यंत खरपूस झाले पाहिजेत आणि काळा डाग पडता कामा नये. थोडी सालं पाखडायची. लाल तिखट, मीठ, जिरं आणि सालासकट लसूण. मग उखळ. सुरुवातीला कोरडा भुगा होतो आणि नवशिका माणूस इथेच थांबतो. कांडत राहिलं की दाण्याचं तेल सुटतं, भुगा चिकटू लागतो, रंग गडद होतो आणि मुसळाचा आवाज बदलतो. कोरडा ठणठण आवाज जाऊन जाड, दबका येतो. रंजक्याच्या घरातल्या आजी आवाजावरूनच सांगत होत्या, “अजून चार हात पडू दे.” मिक्सरचं पातं दाणे कापतं, मुसळ ते चेपतं. चेपल्यानं तेल निघतं आणि त्या तेलात तिखट, लसूण मुरतो. चव तिथून येते.

मटणाच्या ताटात या चटणीची दोन कामं. एक, घट्ट दह्यात कालवून सुक्या मटणाशेजारी. दुसरं, रस्सा पातळ झाला तर त्याच्यात चमचाभर. पाहुणे वाढले, मटण तेवढंच आहे, पातेल्यात पाणी ओतायचं आहे, तेव्हा शेंगाचटणी रश्शाला अंग देते. लग्नकार्यात हेच काम येसर करतो. भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाले दळून केलेलं ते पीठ डब्यात तयार असतं.

थोडं मटण, पुष्कळ चव

या सगळ्या वाट्यांचं खरं कारण वाढीव पाण्याच्या त्या पातेल्यात दिसतं. विणकराच्या, विडीवालीच्या घरात मटण रोजचं नव्हतं, आजही नाही. आठवड्याची मजुरी हातात आली की अर्धा-पाऊण किलो, आणि खाणारी माणसं सात-आठ. माणशी दोन-तीन फोडी. एवढ्या मटणात ताटभर भात किंवा तीन भाकरी जायला हव्यात. ते काम डावी बाजू करते. मटण परवडलं नाही तर वजडी, मुंडी, पाय. हे स्वस्त भाग धुवायला कष्टाचे आणि वासाला उग्र. त्या वासाला चिंच, लसूण आणि पिकली मिरचीच पुरी पडते. हलक्या मांसाला सणाची चव देणं ही या बायकांची कला, आणि ती गरजेतून घडली आहे.

जगात इतरत्रही असंच घडलेलं दिसतं. गोव्यात ताडीचं व्हिनेगर, मिरची आणि माडाचा गूळ डुकराच्या चरबीदार मांसाला सावरतात. अमेरिकेच्या दक्षिणेत, नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात, विस्तवावर तासन् तास भाजलेल्या डुकरावर व्हिनेगर आणि लाल मिरचीचं पाणी शिंपडतात. त्याच राज्यात पश्चिमेकडे सरकलं की त्यात टोमॅटो आणि साखर येते, साउथ कॅरोलायनात मोहरी. तिथेही ही विद्या मोठ्या प्रमाणात गुलामीत राबणाऱ्या कृष्णवर्णीय स्वयंपाक्यांच्या हातांनी घडली. आंबट, गोड आणि तिखट यांची ही त्रयी कष्टकऱ्यांच्या चुलींवर ठिकठिकाणी स्वतंत्रपणे सापडली आहे. फरक एवढाच की तिथे या सॉसवर पुस्तकं निघाली, स्पर्धा भरतात. आपल्याकडे ती अजून बरणीत आहे आणि तिचं माप आजीच्या मुठीत आहे.

बरणीचा भाव

पेठेतली कुटुंबं आता पांगत आहेत. सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत झाली, २००६ साली तिथली १०,००० घरं ताब्यात दिली गेली. २०२४च्या जानेवारीत तिथल्याच रे नगरातल्या १५,००० घरांचं लोकार्पण झालं. स्वतःचं पक्कं घर ही या कष्टकऱ्यांनी लढून मिळवलेली गोष्ट आहे आणि तिचं मोल मोठं आहे. या वसाहतींत बरण्याही गेल्या. उखळ सगळीकडे गेलं नाही. कोपऱ्यावरच्या कांडप यंत्रात तिखट होतं, मसाला होतो, पण तोक्कूसाठी यंत्र ओलं करून घ्यायला यंत्रवाला तयार नसतो. मग मिक्सर. अक्कांची सून मिक्सरवर करते, पण थांबत थांबत फिरवते म्हणजे भरड राहतं, आणि तिसऱ्या दिवसाचा नियम मोडत नाही. तिचा तोक्कू खाल्ला. चांगला होता. उखळ गेलं म्हणून चव गेली असं रडत बसण्याचं कारण नाही. माप, मीठ, कोरडेपणा आणि वेळ सांभाळला तर चव टिकते.

टिकत नाही ती करणारीची मजुरी. किलोभर रंजक्याला मिरची, लसूण, चिंच, तेल यांचा खर्च लोक मान्य करतात. देठं मोडण्याचे, लसूण सोलण्याचे, दोनदा वाटण्याचे तास कुणी धरत नाही. हाताची आग रात्रभर राहते, तिचा तर विषयच नाही. शेंगाचटणीला निदान नाव आहे, गिऱ्हाईक आहे. रंजका आणि तोक्कू अजून ओळखीपाळखीत, बरणी आणून भरून नेण्यावर चालतात. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत अशा घरगुती उद्योगाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची सोय ठेवली गेली. बचत गटांसाठीही तिच्यात तरतूद केली गेली. विडी वळून डोळे, पाठ आणि फुप्फुस झिजवणाऱ्या बाईला तिच्याच हातच्या चवीवर पोट भरता येत असेल, तर शहरानं, बँकांनी आणि गिऱ्हाइकांनी तिच्या मागे उभं राहायला हवं.

तेव्हा वाचकहो, दोन गोष्टी करा. येत्या पौषात लाल मिरची बाजारात आली की घरातल्या जाणत्या बाईजवळ वही घेऊन बसा, तिच्या मुठी वजनकाट्यावर मोजा आणि मीठ किती, चिंच किती, दिवस किती हे लिहून ठेवा. आणि सोलापुरातून, किंवा तुमच्या गावातल्या अशाच एखाद्या घरातून बरणी विकत घेतलीत, तर भाव करू नका. त्या बरणीत तीन दिवस मोजलेले असतात.